टू बीएचके घराचं वायरिंग आणि डीबी: वायर आधी ठरवा, एमसीबी नंतर

वायरिंग एकदा प्लास्टरखाली गेलं की पुढची पंचवीस-तीस वर्षं त्याच्याकडे कुणी बघत नाही. रंग बदलतो, किचनचा ओटा बदलतो, एसी येतात, इंडक्शन येतं, वायर मात्र तीच राहते. त्यामुळे नियोजनाला खरी वेळ मिळते ती झिरी (पाइपासाठी भिंतीत खाच) मारण्याआधीच. प्रत्यक्ष काम परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडूनच करून घ्यायचं, कारण नव्या वीजजोडणीसाठी त्याचाच टेस्ट रिपोर्ट लागतो. पण कुठे काय चालणार आहे हे त्याला माहीत नसतं, ते तुम्हाला माहीत असतं. ते कागदावर उतरवून दिलं नाही, तर तो सवयीने करतो तसं करून जाईल.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करू. एमसीबी, म्हणजे डीबीत (मीटरनंतरच्या वाटप पेटीत) बसणारा आणि भार जास्त झाला की पडणारा स्विच, वाचवतो तो वायरला. उपकरणाला नाही, आणि माणसाला तर नाहीच. माणसाला शॉकपासून वाचवणारा असतो आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती झाली की वीज तोडणारा स्विच. आपल्याकडे होणाऱ्या बहुतेक चुका या दोघांच्या कामाची गल्लत केल्यामुळे होतात.

आधी भार मोजा

घरातल्या प्रत्येक उपकरणाचे वॅट लिहून काढा. उपकरणाच्या मागच्या पट्टीवर ते छापलेले असतात. दीड टनाचा एसी साधारण १,६०० वॅट, इन्स्टंट गिझर ३,०००, साठवणीचा गिझर २,०००, इंडक्शन २,०००, पाणी गरम करणारं वॉशिंग मशीन २,०००, मायक्रोवेव्ह १,२००, इस्त्री १,०००, मिक्सर ७५०. फ्रिज २०० च्या आसपास. साधा पंखा ७०-७५ वॅट, बीएलडीसी पंखा ३०-३५.

या सगळ्याची बेरीज करून मेन ठरवायचा नसतो. एकाच वेळी काय काय चालेल ते बघायचं. उन्हाळ्यातली संध्याकाळ घ्या: दोन एसी, इंडक्शन, फ्रिज, दिवे-पंखे मिळून सहा-सव्वासहा किलोवॅट. भागिले २३० व्होल्ट, म्हणजे २७ अँपिअर. आता थंडीतली सकाळ: गिझर ३,०००, इंडक्शन २,०००, मिक्सर ७५०, इस्त्री १,०००, दिवे-फ्रिज ५००. एकूण ७,२५० वॅट, म्हणजे साडेएकतीस अँपिअर. त्यात वॉशिंग मशीन गरम पाण्यावर लावलं की थेट ४० अँपिअर. म्हणजे सिंगल फेजवरच्या टू बीएचकेला ४० अँपिअरचा मेन पुरतो, पण काठावर. दोन बाथरूमना दोन इन्स्टंट गिझर बसवायचे असतील किंवा गाडीचा चार्जर येणार असेल, तर वीज कंपनीकडून भार वाढवून घेणं किंवा थ्री फेज घेणं हे काम वायरिंगच्या आधीच करा. सध्याचा मंजूर भार तुमच्या वीजबिलावरच छापलेला असतो.

वायरची जाडी

दुकानात मागताना दीडची, अडीचची, चारची असं मागतात, ते चौरस मिलिमीटर असतात. घरात लागते ती आयएस ६९४ चा मार्क असलेली तांब्याची वायर. आगीत धूर कमी करणारी एफआरएलएस किंवा बिनहॅलोजनची घेतली तर उत्तम. फ्लॅटमध्ये आगीइतकाच धूरही जीवघेणा असतो, त्यामुळे इथे चार पैसे वाचवू नयेत.

वायर किती अँपिअर पेलते याचे कॅटलॉगमधले आकडे डोळे झाकून घेऊ नका. अडीचची वायर भिंतीवरच्या पाइपात, ३० अंश तापमानाला, एकटीच असेल तर २४ अँपिअर पेलते. पण आपल्याकडे उन्हाळ्यात ४० अंश धरावे लागतात, त्याला ०.८७ ने गुणा. त्याच पाइपात तीन सर्किटं कोंबली असतील तर आणखी ०.७ ने. उरले १४.६. म्हणजे २४ ची समजलेली वायर १६ अँपिअरच्या एमसीबीलाही कमी पडली. पाइपात गर्दी नको असं म्हणतात त्याचं कारण वायर ओढायला त्रास होतो एवढंच नाही. गर्दीत वायरची उष्णता बाहेर पडत नाही. पाइपाच्या आतल्या जागेच्या ४० टक्क्यांहून जास्त जागा वायरने व्यापू नये आणि जड सर्किटाला, म्हणजे एसी, गिझर, ओव्हन यांना, प्रत्येकी स्वतंत्र पाइप द्यावा. २५ मिमीचा पाइप सरसकट वापरला तर पुढे एखादी वायर बदलताना भिंत फोडावी लागत नाही.

घरासाठी बसणारं गणित असं:
- दीडची वायर: दिवे-पंखे. एमसीबी ६ किंवा १०.
- अडीचची: प्लगची सर्किटं. ६ अँपिअरच्या छोट्या सॉकेटना १० चा एमसीबी, १६ च्या मोठ्या सॉकेटना १६ चा.
- चारची: एसी आणि गिझर. एमसीबी २०.
- दहाची: मीटरपासून डीबीपर्यंत, ४० अँपिअरच्या मेनला.

एसी फक्त सात-आठ अँपिअर घेतो, मग चारची कशाला, असं वायरमन विचारेल. नुसत्या अँपिअरच्या हिशेबाने अडीचची पुरते, हे खरं आहे. पण एसी तासन्‌तास सलग चालतो, तोही सगळ्यात तापलेल्या ऋतूत, आणि पुढच्या वेळी दोन टनाचा येऊ शकतो. पंधरा मीटरच्या अंतरात किमतीत पडणारा फरक भिंत पुन्हा फोडण्यापुढे काहीच नाही.

रो हाउसमध्ये बोअरचा पंप लांब असेल तर व्होल्टेज किती पडतं ते बघा. एक एचपीचा पंप चालू असताना सहा अँपिअर घेतो, पण सुरू होताना त्याच्या सहापट, म्हणजे ३६. पंप चाळीस मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ऐंशी मीटर वायर होते. अडीचच्या वायरचा रोध किलोमीटरला साधारण ८ ओहम, म्हणजे ऐंशी मीटरला ०.६४ ओहम. सुरू होतानाच २३ व्होल्ट वायरीत जातात. संध्याकाळी गावात व्होल्टेज आधीच १९० वर आलेलं असतं, त्यात हे गेले की पंप नुसता घुंघुं करतो, उचलत नाही आणि वाइंडिंग जळतं. दोष मात्र पंपाला लागतो. चारची वायर टाकली की हा तोटा चौदावर येतो.

एमसीबी पडला म्हणून मोठा बसवू नका

१६ चा एमसीबी सोळा अँपिअर झाले की लगेच पडतो हा गैरसमज आहे. १.१३ पट, म्हणजे अठरा अँपिअरला तो तासभर पडत नाही. १.४५ पट, म्हणजे सव्वातेवीसला तो तासाच्या आत पडतो. शॉर्ट सर्किट झालं तर मात्र क्षणात: बी प्रकारचा तीन ते पाच पटीला, सी प्रकारचा पाच ते दहा पटीला. दिवे आणि गिझर यांना बी चालतो. एसी, फ्रिज, पंप यांचा सुरुवातीचा झटका मोठा असतो म्हणून त्यांना सी. घरात डी प्रकार लावू नका.

आता समजा किचनचा एमसीबी सारखा पडतो. इंडक्शन आणि ओव्हन एकाच सर्किटवर आहेत. येणारा माणूस पाच मिनिटांत १६ काढून ३२ बसवतो. एमसीबी पडायचा थांबतो, सगळे खूश. पण तो ३२ चा एमसीबी छत्तीस अँपिअरलासुद्धा तासभर पडणार नाही, आणि भिंतीतली अडीचची वायर आहे एकवीसची (२४ गुणिले ०.८७). इन्सुलेशन रोज थोडं थोडं भाजत जातं आणि दोन-तीन वर्षांनी एखाद्या दिवशी बोर्डामागून वास येतो. एमसीबी पडणं ही त्या सर्किटवर भार जास्त असल्याची खबर आहे. त्याचा उपाय एकच, डीबीपासून नवीन सर्किट. म्हणून सुरुवातीलाच सर्किटं पुरेशी पाडा.

सर्किटं कशी पाडायची

नियम ठरलेला आहे: दिवे-पंख्यांच्या एका सर्किटवर दहापेक्षा जास्त पॉइंट नकोत, ८०० वॅटपेक्षा जास्त भार नको. १६ च्या सॉकेटांच्या सर्किटवर दोनपेक्षा जास्त सॉकेट नकोत, ३,००० वॅटपेक्षा जास्त भार नको. या हिशेबाने साध्या टू बीएचकेचा डीबी असा भरतो.

मीटरकडून येणारी लाइन ४० अँपिअरच्या डबल पोल (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणाऱ्या) एमसीबीवर. तिथून एसपीडी, म्हणजे विजेच्या कडकडाटात येणारा व्होल्टेजचा झटका अर्थमध्ये सोडणारं उपकरण, टाइप २ चं. त्यानंतर दोन आरसीसीबी, दोन्ही ४० अँपिअर आणि ३० मिलिअँपिअरचे.

पहिल्या आरसीसीबीवर: हॉल-बेडरूमची छोटी सॉकेट (१०), फ्रिज स्वतंत्र (१०), किचन ओटा (१६), इन्व्हर्टरचा पुरवठा (१६; दिवे-पंखे त्याच्यावर).

दुसऱ्यावर: इंडक्शन किंवा ओव्हन (१६), वॉशिंग मशीन (१६), गिझर (२०), एसी एक (२०), एसी दोन (२०).

फ्रिज वेगळा ठेवायचा तो अशासाठी की दुसऱ्याच कुठल्या प्लगमुळे एमसीबी पडला आणि तुम्ही गावाला असलात, तर फ्रिजमधलं सगळं खराब होतं. गिझर आणि वॉशिंग मशीन पाण्याशी संबंधित, गळती तिथूनच जास्त होते. ती दुसऱ्या आरसीसीबीवर असली की त्यांच्यामुळे फ्रिज बंद पडत नाही. एकच आरसीसीबी बसवून सगळं घर त्यावर टाकलं तर एक ओला प्लग पूर्ण घर अंधारात घालतो, मग वैतागून लोक आरसीसीबीच काढून टाकतात. तिथेच घात होतो.

मोजा: मेनच्या दोन जागा, एसपीडीच्या दोन, आरसीसीबीच्या चार, एमसीबीच्या नऊ. झाल्या सतरा. चार जागा मोकळ्या सोडा, सोलर किंवा स्कूटरचा चार्जर उद्या येणारच आहे. डीबी विकत घेताना ‘सोळा वे’ म्हणजे मेनची जागा धरून की सोडून, हे दुकानदाराला विचारा. कंपनीगणिक मोजणी बदलते. डीबी दारामागे, कपाटात किंवा बाथरूमच्या भिंतीवर नको. उभं राहून हात पोहोचेल आणि अंधारातही सापडेल अशी जागा हवी.

आरसीसीबी आणि न्यूट्रल

फेजने जितका करंट गेला तितकाच न्यूट्रलने परत आला पाहिजे. वाटेत थोडा कुणाच्या अंगातून किंवा गिझरच्या पत्र्यातून जमिनीत गेला की फरक पडतो आणि आरसीसीबी तोडतो. घरगुती जोडणीत हा फरक ३० मिलिअँपिअरहून जास्त चालत नाही, केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांतही तेच आहे. दुकानात १०० आणि ३०० मिलिअँपिअरचेही मिळतात; ते घरासाठी नाहीत, माणसाला वाचवण्याइतके ते संवेदनशील नसतात. आणि आरसीसीबी ओव्हरलोडवर पडत नाही, त्यामुळे त्याच्या सोबत एमसीबी लागतोच.

इन्व्हर्टर एसी, वॉशिंग मशीन, संगणक यांच्या आत करंट डीसी करणारे भाग असतात. त्यांच्या गळतीत साधा ‘एसी’ प्रकारचा (इथे एसी म्हणजे एसी करंट) आरसीसीबी फसू शकतो. ए प्रकारचा घ्या.

दोन आरसीसीबी बसवल्यावर सगळ्यात जास्त होणारी चूक न्यूट्रलची. प्रत्येक आरसीसीबीला स्वतःची न्यूट्रल पट्टी हवी. पहिल्यावरच्या सर्किटाचा न्यूट्रल चुकून दुसऱ्याच्या पट्टीवर गेला की दोघांनाही हिशेब जुळत नाही आणि प्लगमध्ये काहीही लावलं की दोन्ही पडतात. बोर्डातल्या बोर्डात जवळचा न्यूट्रल उसना घेतला तरी तेच. म्हणून वायर ओढतानाच फेज आणि न्यूट्रल जोडीने ओढा आणि दोन्ही टोकांना एकच क्रमांक लिहा.

इन्व्हर्टरच्या बाबतीत हे आणखी काटेकोर लागतं. दिवे-पंख्यांची दोन सर्किटं इन्व्हर्टरवर असतील, तर त्यांचा छोटा वेगळा डीबी करा: इन्व्हर्टरच्या आउटपुटचा फेज आणि न्यूट्रल दोन्ही तिथे आणा, एक वेगळा आरसीसीबी, त्यापुढे ६ चे दोन एमसीबी, आणि या दोन सर्किटांचे न्यूट्रल फक्त याच डीबीच्या पट्टीवर. बरेच जण फक्त फेज इन्व्हर्टरवरून घेतात आणि न्यूट्रल जुन्याच पट्टीवर ठेवतात. मग आरसीसीबी का पडतो ते महिनोन्‌महिने कळत नाही. शिवाय या छोट्या डीबीवर मोठ्या अक्षरांत लिहा: ‘मेन बंद केला तरी इथे वीज असते’. मेन पाडून पंख्याला हात लावणारे असेच फसतात.

अर्थिंग

इमारतीत अर्थिंग आहे असं बिल्डर सांगतो, आणि मल्टिमीटर फेज ते अर्थ २३० दाखवतो. त्यावर विसंबू नका. मल्टिमीटरला नगण्य करंट लागतो, त्यामुळे गंजलेल्या अर्थवरही तो २३० दाखवील. अर्थ टेस्टरने ओहम मोजून घ्या.

हे ओहम का महत्त्वाचे ते बघा. समजा अर्थचा रोध २० ओहम आहे आणि गिझरचं हीटर फुटून फेज पत्र्याला लागला. २३० भागिले २०, म्हणजे साडेअकरा अँपिअर. २० चा एमसीबी याला कधीच पडणार नाही आणि गिझरचा पत्रा, नळ, शॉवर जिवंत राहतील. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी मात्र त्याच क्षणी पडतो. म्हणून अर्थिंग आहे, आता आरसीसीबी कशाला, हा प्रश्न चुकीचा. आणि आरसीसीबी आहे, आता अर्थिंग कशाला, हाही. अर्थ नसेल तर बिघडलेला गिझर तसाच राहतो आणि कुणीतरी हात लावेपर्यंत आरसीसीबीला काही कळत नाही.

स्वतंत्र घराला पाइप अर्थिंग करताना ४० मिमीचा, अडीच मीटरचा गॅल्व्हनाइज्ड पाइप, भोवती मीठ आणि कोळसा, वर पाणी घालायला नरसाळं आणि झाकण असलेला चौकोन. काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडतात, माती पाइपाला सोडते आणि रोध वाढतो. एप्रिल-मेमध्ये पाणी घालत राहावं लागतं आणि मोजणीही तेव्हाच करावी, पावसाळ्यात नाही. कोकणात जांभा, घाटावर काळा खडक लागला तर उथळ खड्डा उपयोगाचा नसतो. बोअर मारून खोल इलेक्ट्रोड सोडावा लागतो.

अर्थ मिळत नाही म्हणून सॉकेटच्या आत न्यूट्रल आणि अर्थची पिन जोडून देणारे वायरमन आहेत. हे कधीही करू देऊ नका. मागे कुठेतरी न्यूट्रल तुटला की त्या सॉकेटवरच्या प्रत्येक उपकरणाचा पत्रा २३० व्होल्टचा होतो.

वायर ओढताना आणि जोडताना

रंग पाळा: फेज लाल, पिवळी किंवा निळी; न्यूट्रल काळी; अर्थ हिरवी. हिरव्या वायरीतून फेज नेलेला दिसला तर तिथेच काम थांबवा. बटण नेहमी फेजमध्ये. सॉकेटकडे समोरून पाहिल्यावर अर्थ वर, फेज उजवीकडे, न्यूट्रल डावीकडे.

पाइपाच्या आत जोड नको, टेप गुंडाळून तर नकोच. जोड फक्त बोर्डात किंवा जंक्शन बॉक्समध्ये. एका टर्मिनलमध्ये दीडची आणि चारची एकत्र कोंबली की स्क्रू जाडीवर बसतो आणि बारीक वायर सैल राहते. बहुतारी वायरला फेरूल किंवा लग (टोकाला बसणारी धातूची टोपी) दाबून घ्या. सैल टर्मिनल हाच बहुतेक जळालेल्या बोर्डांचा दोषी असतो: करंट ठरलेल्या मर्यादेत असतो, एमसीबीला काही चुकीचं दिसत नाही, आणि एका बिंदूवर उष्णता साठत जाते. काम संपल्यावर सगळे स्क्रू घट्ट करायचे, महिनाभर वापर झाल्यावर पुन्हा एकदा.

झिरी सरळ उभी किंवा आडवी मारा, तिरकी नाही. प्लास्टरच्या आधी प्रत्येक भिंतीचे फोटो काढा, टेप लावून. पुढे खिळा ठोकताना ते फोटो कामाला येतात.

वायर किती लागेल ते अंदाजाने सांगू नका. बेडरूमच्या एसीचा रस्ता मोजा: डीबीपासून वर सव्वा मीटर, आडवे नऊ, खाली बोर्डापर्यंत पाऊण, टोकांना मिळून एक. बारा मीटर. फेज, न्यूट्रल, अर्थ मिळून छत्तीस, दहा टक्के वाया धरून चाळीस. एक बंडल ९० मीटरचं, पण एकाच रंगाचं, म्हणून प्रत्येक रंगाची लांबी वेगळी धरा. प्रत्येक सर्किटाचं असंच करा, म्हणजे उरलेल्या तुकड्यांना जोड देऊन काम भागवायची वेळ येत नाही.

गिझरचं बटण बाथरूमच्या बाहेर, डबल पोल, दिव्यासह.

लाइन सोडण्याआधी

सगळी उपकरणं, दिवे काढून आणि एसपीडी वेगळा करून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासणाऱ्या यंत्राने) फेज-न्यूट्रल आणि दोन्हींपासून अर्थ तपासा. एक मेगओहमपेक्षा कमी आलं तर कुठेतरी खिळा लागलाय किंवा पाइपात पाणी आहे. प्लास्टर ओलं असतानाचा आकडा खरा धरू नका. मग प्रत्येक तीन पिनच्या सॉकेटपर्यंत अर्थ सलग आहे ना ते बघा.

आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा. ते दाबल्यावर आरसीसीबी पडला म्हणजे त्याचं यंत्र चालू आहे एवढंच कळतं; अर्थिंगशी त्या बटणाचा काही संबंध नाही, अर्थ नसला तरी ते काम करतं. बटण दाबूनही पडला नाही तर त्याच दिवशी बदला.

आणि तो आपोआप पडू लागला तर: सगळे एमसीबी पाडा, आरसीसीबी चढवा, मग एकेक एमसीबी चढवत जा. ज्यावर पडतो त्या सर्किटचे सगळे प्लग काढून पुन्हा बघा. प्लग काढल्यावर थांबला तर दोष उपकरणात, बहुतेक वेळा गिझरच्या हीटरमध्ये. सगळे एमसीबी पाडूनही आरसीसीबी पडत असेल तर न्यूट्रल कुठेतरी अर्थला टेकलाय. एमसीबी फक्त फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो, त्यामुळे मेन बंद करून त्या पट्टीवरचे न्यूट्रल एकेक सोडून पाहिल्याशिवाय तो दोष सापडत नाही. हे काम ठेकेदाराचं.